आरंभीची शिल्लक

पाडव्याच्या दिवशी कडुनिंबाचा पाला कडू लागला नाही, तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती. तारीख १३ एप्रिल २०२१. दोन दिवस अंगात कसकस होती, तरी उठून गुढी उभारली. सासूबाईंनी पाला, गूळ, ओवा, भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून चमचाभर गोळी तळहातावर ठेवली आणि मी ती निवांत चावून खाल्ली.

"तोंड वाकडं झालं नाही गं तुझं?" त्या म्हणाल्या.

मला वाटलं, यंदा गूळ जास्त पडला असेल. दुपारी श्रीखंडही नुसतं गार लागलं, तेव्हा माझी मुलगी उठली, मास्क लावला आणि माझं ताट उचलून मला आतल्या खोलीत पाठवलं.

तो पाला आमच्याच सोसायटीतल्या झाडाचा. ठाण्यात वर्तकनगरच्या जुन्या इमारतींत कंपाउंडला लागून अशी झाडं अजून आहेत. आमच्या कडुनिंबावर एक गुळवेल चढलेली आहे, मनगटाएवढी जाड. कडुनिंबावरची गुळवेल सगळ्यांत गुणकारी असं सासूबाई लग्न होऊन आल्यापासून ऐकवतात. कोविडच्या पहिल्या लाटेत, म्हणजे २०२०च्या उन्हाळ्यात, घरोघरी काढे सुरू झाले. तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी असा काढा सरकारी सल्ल्यातही होता. आमच्याकडे गणपतीनंतर त्यात गुळवेलीचे तुकडे पडायला लागले. रोज सकाळी कपभर. कोणी नाही म्हणायची पद्धत नव्हती.

मी एका पतपेढीत हिशेब बघते. वय तेव्हा ४९. थायरॉइडची गोळी दहा वर्षांपासून चालू, वजन असायला हवं त्यापेक्षा चौदा किलो जास्त, बाकी धडधाकट. पंचेचाळिशीच्या पुढच्यांना लस १ एप्रिलपासून खुली झाली होती, पण मार्च अखेरीचे हिशेब संपवून मग जाऊ म्हणून मी थांबले. मार्च अखेर सगळ्यांचीच असते, हे विषाणूला कोण सांगणार.

ताप १०२च्या खाली येईना. फॅमिली डॉक्टरांनी फोनवर ६५०ची तापाची गोळी सांगितली, गरज पडली तर दिवसातून चार वेळा. मी चारही वेळा घेतली. शिवाय घरात सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट होतं, त्यातल्या तीन रोज. अन्न जात नव्हतं, जुलाब होत होते, अंग असं दुखायचं की कूस बदलताना ओरडावंसं वाटे. चाचणीचा निकाल यायला तीन दिवस लागले. तोवर बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९७चा ९५, ९५चा ९२ झाला. १७ तारखेला, शनिवारी, छातीचा सीटी काढला, फुप्फुसातल्या संसर्गाचा स्कोअर २५ पैकी ११. बाळकुमच्या ग्लोबल हबला महापालिकेचं मोठं कोविड रुग्णालय होतं, तिथेही चौकशी चालू होती. तेवढ्यात घराजवळच्या एका खासगी रुग्णालयात खाट रिकामी झाली. ती कशी रिकामी झाली असेल, हे त्या दिवसांत कोणी विचारत नव्हतं.

दाखल करतानाच हाताच्या शिरेतून सहा-सात नळ्या रक्त काढलं. संध्याकाळी डॉक्टर आले, पीपीई किटमध्ये, त्यामुळे फक्त डोळे आणि आवाज.

"दारू घेता?"

मी इतकी दचकले की ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून "अहो, नाही हो!" म्हणाले. बाजूच्या खाटेवरच्या, दिव्याहून आलेल्या ताई त्या अवस्थेतही हसल्या.

प्रश्न माझ्या यकृतामुळे आला होता. यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारी दोन एन्झाइम्स: एसजीओटी १४८, एसजीपीटी ११२. प्रयोगशाळेच्या कागदावर दोन्ही ४०च्या आत हवे होते. काविळीचा पिवळेपणा आणणारं बिलीरुबिन ठीक, ०.९. ताप फुप्फुसाचा आणि आकडे यकृताचे, हे काही माझ्या डोक्यात जाईना. यकृत म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी ठाऊक: कावीळ आणि दारू. खरं म्हणजे ज्याला आपण काळीज म्हणतो, 'काळीज धडधडलं' वगैरे, ते मूळचं यकृतच. खाटकाकडे कलेजी मागितली की तो हृदय देत नाही. पण भाषेने ते छातीत नेऊन ठेवलं आणि पोटातल्या उजव्या कोपऱ्यातला हा दीड किलोचा अवयव आपण विसरूनच गेलो.

डॉक्टर घाईत होते, तरी दोन मिनिटं बोलले. कोविडने दाखल होणाऱ्या पुष्कळ पेशंटमध्ये हे आकडे वाढलेले दिसतात, बहुतेकांत थोडेसेच, आणि आजार उतरला की तेही उतरतात. एसजीओटी हे एसजीपीटीपेक्षा जास्त असणं हेही कोविडमध्ये नेहमीचं. एसजीओटी फक्त यकृतातलं नसतं, ते स्नायूंमध्येही असतं. तुमचं अंग एवढं दुखतंय, त्यातूनही थोडं आलं असेल. ते गेल्यावर सिस्टरने कागदाच्या कोपऱ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'एलएफटी दिवसाआड', म्हणजे यकृताची रक्ततपासणी.

उपचार सुरू झाले. स्टिरॉइडची इंजेक्शनं, रक्त पातळ ठेवणारं एक इंजेक्शन पोटावर, आणि विषाणूवरचं रेमडेसिवीर. पहिल्या दिवशी दोन कुप्या, मग रोज एक असा पाच दिवसांचा सहा कुप्यांचा हिशेब. चार रुग्णालयात होत्या, दोन बाहेरून आणायला सांगितल्या. त्या एप्रिलमध्ये 'बाहेरून' म्हणजे काय हे ज्यांनी अनुभवलं त्यांना सांगायला नको. माझा नवरा दोन दिवस ठाणे, भिवंडी, कल्याण असा फिरत होता. १४ तारखेच्या रात्रीपासून संचारबंदी लागलेली, खिशात प्रिस्क्रिप्शन आणि माझ्या आधार कार्डाची प्रत. शेवटी १९ला रात्री त्याने दोन कुप्या बर्फाच्या डब्यात घालून आणल्या. फोनवर बोलताना त्याचा आवाज असा होता की जणू त्याने मलाच परत आणलंय.

२० तारखेला सकाळी रक्ताचा निकाल आला. एसजीपीटी २३८.

डॉक्टरांनी रेमडेसिवीर थांबवलं. चाळीसची पाचपट दोनशे. त्याच्या वर हे आकडे गेले की ते इंजेक्शन देऊ नये, असं आपल्याकडच्या उपचारपद्धतीतच लिहिलेलं होतं, कारण ते औषध स्वतःच यकृताची एन्झाइम्स वाढवू शकतं. तीन दिवसांत चार कुप्या झाल्या होत्या. नवऱ्याने आणलेल्या दोन तशाच राहिल्या.

त्याला हे फोनवर सांगणं हा माझ्या आजारातला सगळ्यांत वाईट क्षण होता, व्हेंटिलेटरच्या भीतीपेक्षा वाईट. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "म्हणजे आता त्या विकायच्या की काय?" आणि आम्ही दोघंही विचित्र हसलो. त्या कुप्या लेखी देऊन दिव्याच्या ताईंसाठी वापरल्या. त्यांचा मुलगा खाली नवऱ्याच्या पाया पडायला लागला होता म्हणे.

माझ्या मनात मात्र घोळत राहिलं: मग विषाणूने काय केलं आणि औषधाने काय? हिशेबनिसाची खोड. रक्कम कोणत्या खात्यात टाकायची हे कळल्याशिवाय मला झोप येत नाही. राउंडला एक तरुण डॉक्टर यायची, वयाने माझ्या भाचीएवढी, तिला मी रोज एक प्रश्न विचारायचे. तिनेच समजावलं की हा विषाणू पेशीत शिरायला ज्या कडीला धरतो, ती एसीई-२ नावाची कडी यकृताच्या मुख्य पेशींवर फार नसते, पित्तनलिकेच्या अस्तराच्या पेशींवर जास्त असते. त्यामुळे विषाणू थेट यकृत खातो असं चित्र डोळ्यांपुढे आणू नका. जास्त करून होतं काय, तर विषाणूला मारायला शरीर जो भडका उडवतं त्याची झळ यकृताला लागते. रक्तात ऑक्सिजन कमी पडला की यकृताला उपासमार होते. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊ शकतात. आणि ह्या सगळ्यात आम्ही औषधं देतो, ती पचवायची कुठे? तिथेच.

"म्हणजे घराला आग लागलेली असताना त्याच घरात स्वयंपाक करायचा," मी म्हणाले.

"हो, आणि पाहुणेही जेवायला," ती म्हणाली.

तिनेच सर्दीच्या गोळ्यांचा छडा लावला. दाखल होण्याआधी घरी काय काय घेतलंत, सगळं सांगा म्हणाली. मी मुलीला फोन करून पाकिटावरचं बारीक अक्षर वाचायला लावलं. त्या सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल होतं, प्रत्येकीत ५००. मी कागदावर मांडलं: ६५० गुणिले चार, २६००. ५०० गुणिले तीन, १५००. एकूण ४१०० मिलिग्रॅम रोज. निरोगी मोठ्या माणसाची कमाल मर्यादा ४०००, आणि मी उपाशी, जुलाब होणारी, तापाने फणफणलेली. पाच दिवस. एवढ्याने माझे आकडे चढले असं ती म्हणाली नाही, पण भुवया वर गेल्या ते प्लास्टिकच्या शील्डमधूनही दिसलं. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच औषध असू शकतं, हे तीस वर्षं इतरांच्या नोंदी तपासणाऱ्या बाईला कळलं नाही. दुबार नोंद म्हणतात आम्ही तिला.

स्टिरॉइड लागू पडलं. ऑक्सिजनची गरज कमी झाली. एसजीपीटी २४ला १६०, २७ला ९६. त्याच दिवशी घरी सोडलं. साखर मात्र स्टिरॉइडने चढली होती, ती तपासत राहा, आणि दोन आठवड्यांनी एलएफटी करा, असं डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं. गोळ्यांच्या रूपात स्टिरॉइड आणखी आठ दिवस, हळूहळू कमी करत बंद.

इथपर्यंतची गोष्ट त्या वर्षी शेकडो घरांत घडली असेल. माझी गोष्ट खरी इथून सुरू होते, कारण आजार उतरल्यावर मला सगळं संपलं असं वाटलं आणि यकृताला तसं वाटलं नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला ताब्यात घेतलं. सकाळ-संध्याकाळ काढा, कारण 'अशक्तपणा भरून यायला हवा'. एका नातेवाईकाने आणून दिलेली कुठलीशी रोगप्रतिकारशक्तीची पावडर, दुधातून. व्हिटॅमिन सी, झिंक. मोसंबीचा रस, नारळपाणी. मला बरंही वाटत होतं. दोन आठवड्यांनी करायची तपासणी मी पुढे ढकलली. प्रयोगशाळेत जायची भीती वाटत होती, तिथूनच सगळं सुरू झालंय अशी एक खुळी समजूत.

१७ मेला तौक्ते वादळ आलं. दिवसभर असा वारा होता की खिडक्यांच्या काचा धरून बसावं लागलं. कडुनिंबाची एक मोठी फांदी कंपाउंडच्या भिंतीवर कोसळली आणि तिच्याबरोबर गुळवेलीचा अख्खा जुडगा. दुसऱ्या दिवशी वॉचमन ते कचऱ्यात टाकणार, तोच सासूबाई खाली गेल्या. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, मास्क लावून. पिशवीभर वेल वर आणली, सोलली, ठेचली. त्या आठवड्यातला काढा कधी नव्हे इतका कडू होता, आणि चव परत आल्याचा आनंद म्हणून मी तो मिटक्या मारत प्यायले.

२२ मे, शनिवार. सकाळी गॅलरीत चहा पिताना मुलगी म्हणाली, "आई, वर बघ. वर म्हणजे आकाशात. डोळे मोठे कर." मग काही न बोलता तिने फोनवर माझ्या डोळ्यांचा फोटो काढून मलाच दाखवला. बुबुळाच्या भोवतीचं पांढरं हळदीच्या पाण्यासारखं झालं होतं. लघवी गडद होते हे मला चार दिवस दिसत होतं. पाणी कमी पडतंय म्हणून सोडून दिलं होतं.

घरी येऊन रक्त नेलं. रात्री साडेनऊला फोनवर निकाल आला. एसजीपीटी ६१२. एसजीओटी ४८८. बिलीरुबिन ४.१.

कोविडच्या वॉर्डात मला जेवढी भीती वाटली नव्हती, तेवढी त्या रात्री वाटली. तिथे निदान सगळ्यांना एकच आजार होता.

आमची बातमी इमारतीत फुटली तशी औषधंही यायला लागली. मुरबाडकडे एकजण कावीळ उतरवतो, सूर्य उगवायच्या आत अनशापोटी घ्यायचं, कोणाशी बोलायचं नाही. हातावर चुन्याचं पाणी चोळून पिवळं काढणारी एक बाई. उसाचा रस तर प्रत्येकाने सांगितला, रसवंत्या बंद होत्या म्हणून वाचले. स्टिरॉइडने चढलेल्या साखरेवर उसाचा रस म्हणजे आगीत तेल. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी दारातून विचारलं, "लिव्हर म्हणजे... तुम्ही तर काही घेत नाही ना?" आवाज खाली नेऊन. मी म्हटलं, "घेते ना. काढा." तेव्हा तो विनोद होता.

सोमवारी यकृततज्ज्ञाकडे गेलो. साठीच्या आसपासचे, कमी बोलणारे. त्यांनी आधीची सगळी फाइल मागितली. मी आकड्यांचा तक्ता करून नेला होता, तारीखवार, तो पाहून ते पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, "आता कोविडआधीचं काय आहे ते दाखवा."

कोविडआधीचं? मला वाटलं काहीच नाही. पण घरी कपाटात मी कागद फेकत नाही. २०१७मध्ये पित्ताशयात खडे आहेत का म्हणून सोनोग्राफी केली होती; खडे नव्हते, तेवढं ऐकून मी फाइल बंद केली होती. खालच्या ओळीत लिहिलं होतं: यकृतात चरबी, सौम्य. २०१९मध्ये पतपेढीने केलेल्या तपासणीत एसजीपीटी ५२, शेजारी एक बारीकसा तारा. दोन वर्षं तो तारा माझ्या कपाटात होता. मी एप्रिलपासूनचा हिशेब मांडत होते आणि आरंभीची शिल्लकच धरली नव्हती.

चरबी साठलेलं यकृत, वाढलेलं वजन, साखर, हे असलेल्यांना कोविडमध्ये यकृताचा त्रास व्हायची शक्यता जास्त, हे त्यांनी सांगितलं. पण चरबीने एसजीपीटी ६०० होत नाही. मेमध्ये काहीतरी नवीन घडलं आहे. काय ते एक एक करून बाजूला काढायचं. पाण्यातून येणाऱ्या काविळी, ए आणि ई, दोन्ही नाहीत. बी आणि सी नाहीत. बीची चाचणी त्यांना विशेष हवी होती, कारण अंगात दबून असलेला हिपॅटायटिस बी मोठ्या स्टिरॉइडनंतर डोकं वर काढतो. सोनोग्राफीत पित्तनलिका मोकळ्या, पण चरबी आता ग्रेड दोन. दीर्घ काळ अतिदक्षता विभागात राहिलेल्या काही कोविड पेशंटच्या पित्तनलिका नंतर खराब होतात, ते फार विरळ, आणि माझ्या आकड्यांचा नमुना तसला नव्हता. स्वतःच्याच यकृतावर शरीर उलटतं त्या आजाराच्या चाचण्यांत एएनए ही प्रतिपिंडांची चाचणी हलकी पॉझिटिव्ह आली, आयजीजी हे रक्तातलं प्रथिन किंचित वाढलेलं.

एक गोष्ट त्यांनी मला नीट समजावली आणि ती मी पुढे दहा जणांना सांगितली. एसजीपीटी म्हणजे किती पेशी फुटल्या त्याचा आकडा. यकृत काम करतंय की नाही, हे तो सांगत नाही. ते सांगतो आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, कारण रक्त गोठवणारे घटक यकृतच बनवतं. माझा आयएनआर १.२ होता. "हा दीडच्या वर गेला, किंवा तुम्ही असंबद्ध बोलायला लागलात, तर रात्री दोनला पण दाखल व्हायचं." आठवड्यातून दोनदा आयएनआर. नवरा त्या काळात मला दर दोन तासांनी काहीबाही विचारून मी असंबद्ध बोलतेय का ते तपासायचा. लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर ती परीक्षा सोपी नाही.

मग त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "घरगुती काय घेता? सगळं सांगा, मी रागावत नाही."

मी काढा सांगितला. त्यांनी विचारलं, त्यात काय काय. तुळस, सुंठ... गुळवेल म्हटल्यावर त्यांनी मान वर केली. कधीपासून, किती, दाखल असताना बंद होती का, घरी आल्यावर पुन्हा सुरू कधी. मी उत्तरं देत गेले आणि देता देता माझ्याच डोळ्यांपुढे तक्ता भरत गेला. दाखल: काढा बंद, स्टिरॉइड चालू, आकडे खाली. घरी: स्टिरॉइड बंद, काढा दुप्पट, आकडे वर. वादळाच्या आठवड्यात तिप्पट.

गुळवेल प्रतिकारशक्तीला डिवचते, म्हणूनच लोक ती घेतात. पण ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच थोडी वाकडी चालते, जसं तुमचं थायरॉइड, त्यांच्यात तेच डिवचणं यकृतावर उलटू शकतं, असा त्यांचा तर्क. शिवाय कोविडने ती नुकतीच ढवळून निघालेली. आणि स्टिरॉइडने हे सगळं दाबून ठेवलं असेल, ते थांबल्यावर उफाळलं. "सिद्ध करता येणार नाही. पावडरीत काय होतं तेही मला माहीत नाही. पण सगळं बंद करायचं. आजपासून. फक्त थायरॉइडची गोळी." ५ जूनपर्यंत आकडे वळले नाहीत तर यकृताचा तुकडा काढून तपासायचा, बायॉप्सी.

घरी सांगायचं कसं हा प्रश्न होता. नवऱ्याने सांगितलं, आणि वाईट सांगितलं. "आई, तुझ्या काढ्याने हिला कावीळ झाली."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. पातेलं उचललं, गॅलरीतल्या कुंडीत ओतलं. तीन दिवस माझ्याशी बोलल्या त्या फक्त जेवायला वाढताना. चौथ्या दिवशी माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. "तुझे सासरे गेल्यावर मला ताप आला होता, तेव्हा माझ्या आईने हाच दिला होता. तो विष कसा होईल?" मी म्हटलं, "आई, विष नाही हो. मला सोसला नाही, एवढंच." त्यांना ते पटलं नाही. मलाही हे वाक्य किती खरं आहे ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

२९ मेला एसजीपीटी ५४०, पण बिलीरुबिन ४.६, म्हणजे वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, पेशी फुटणं थांबलं की आधी एन्झाइम्स उतरतात, पिवळेपणा मागून येतो, घाबरू नका. अंगाला खाज सुटली होती, रात्र रात्र झोप नाही. तो आठवडा मी फार वाईट वागले घरात, एवढंच लिहिते.

५ जूनचा निकाल दुपारी आला. ३१० आणि ३.१. बायॉप्सी पुढे ढकलली. १९ जूनला १४८ आणि १.६. १७ जुलैला ६१, बिलीरुबिन ०.९. एकही औषध न देता. दर वेळी दोनशे-अडीचशे रुपयांची औषधं घेऊन बाहेर पडायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना रिकाम्या हाताने परत येणं फार अवघड जातं, नवरा एकदा त्यांना म्हणालाच, "निदान टॉनिक तरी?" ते म्हणाले, "चालायला लावा त्यांना." तेव्हापासून मी उपवन तलावाला रोज फेऱ्या मारते, वजन नऊ किलो उतरलं.

त्याच जुलैत बातमी आली. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२०च्या शेवटच्या महिन्यांत पाहिलेले सहा पेशंट एका वैद्यकीय नियतकालिकात मांडले होते. सगळे गुळवेल घेणारे, सगळ्यांच्या यकृताला इजा, आणि इजेचं रूप शरीर स्वतःच्या यकृतावर उलटतं त्या आजारासारखं. आयुष मंत्रालयाने लगेच आक्षेप घेतला: रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची तपासणीच केलेली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी तिची दुसरी एखादी जातही असू शकेल. मी दोन्ही बाजू वाचल्या. आमच्या बाबतीत वेल कुठली हा प्रश्न निदान विचारता तरी येत होता, ती खिडकीतून दिसत होती. एकदा वाटलं, खाली जाऊन तिचं पान कुठेतरी तपासायला द्यावं. मग कामं निघाली.

लस ऑगस्टमध्ये घेतली, डॉक्टरांना विचारून. नोव्हेंबरमध्ये फायब्रोस्कॅन केला. यकृत कडक झालेलं नाही, चरबी अजून आहे. एसजीपीटी ३१. माझ्या तक्त्यातली शेवटची ओळ. शेरा ह्या रकान्यात मी आधी 'कोविड' लिहिलं होतं, ते खोडून 'गुळवेल', ते खोडून 'गोळ्या?'. तरुण डॉक्टरने सांगितलेला भडका, चार कुप्या, ४१०० मिलिग्रॅम, २०१७ची चरबी, थायरॉइड, वादळात पडलेली फांदी. रक्कम बरोबर येते, पण कोणाच्या नावे किती हे लिहिता येत नाही. आमच्याकडे अशा रकमेसाठी एक खातं असतं, संशयित खातं. ते मार्च अखेरीला रिकामं करावं लागतं. मी तो रकाना कोरा ठेवला.

त्या फायब्रोस्कॅनच्या दिवशी सासूबाई सोबत आल्या होत्या. डॉक्टरांशी त्यांना बोलायचं होतं. खुर्चीवर नीट बसून, पिशवी मांडीवर घेऊन, म्हणाल्या, "डॉक्टर, मी त्याच पातेल्यातला काढा वर्षभर घेतला. हिच्याहून जास्त. माझं रक्त तपासा."

त्यांनी एका शब्दानेही वाद न घालता चिठ्ठी लिहून दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निकाल आला. एसजीपीटी २२, आमच्या घरातला सगळ्यांत चांगला आकडा. सासूबाईंनी मुलीकडून तो दोनदा वाचून घेतला, कागदावर उतरवून मागितला, आणि देवघरातल्या डब्यात ठेवला.